टॅबलेट कधी उघडायचा? सावलीच्या एका पाठाचं प्रकरण

आठवीच्या दोन तुकड्यांना एकच काम दिलं होतं. दिवसभरात सावलीची लांबी का बदलते, हे चौथीतल्या मुलांना दीड मिनिटात समजेल असं काहीतरी तयार करायचं. स्लाइड, चित्रफीत, चित्र, नाटुकलं, काहीही चालणार होतं. टॅबलेट तेच, ॲप तीच, शिकवणाऱ्या बाईही त्याच. फरक एवढाच की अ तुकडीच्या हातात टॅबलेट पहिल्या मिनिटाला आले आणि ब तुकडीला ते मैदानावर सावली मोजून झाल्यानंतर मिळाले. यामागे काही प्रयोगबियोग नव्हता. टॅबलेटचा संच तेव्हा दुसऱ्या वर्गाने नेला होता, म्हणून ब तुकडीची सुरुवात फूटपट्टी आणि खडूवर भागवली गेली.

मी तेव्हा आंतरवासितेत, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणातल्या शाळेतल्या सरावावर होते. पाठ मार्गदर्शक बाईंचे. गटांमध्ये फिरणं आणि निरीक्षण वही भरणं माझ्याकडे. अध्यापक महाविद्यालयात तंत्रज्ञान आणि सर्जनशीलता यावर आम्ही पानंच्या पानं लिहितो, आणि त्यातलं एक वाक्य ठरलेलं असतं: तंत्रज्ञानामुळे विद्यार्थ्यांच्या सर्जनशीलतेला वाव मिळतो. हे वाक्य खरं की खोटं, याचा निकाल दोन तुकड्यांवरून लागत नाही. ते कशावर अवलंबून आहे, एवढं मात्र या प्रकरणात बऱ्यापैकी स्वच्छ दिसलं.

अ तुकडी

टॅबलेट उघडताच सगळ्याच गटांनी डिझाइनच्या ॲपमध्ये जाऊन ‘सूर्य’ शोधलं. समोर तयार टेम्प्लेटची रांग आली. त्यातलं कुठलं घ्यायचं, यावर पहिली बरीच मिनिटं गेली. मग शीर्षकाचा रंग, मग अक्षरांचं वळण. मी ज्या गटाशेजारी बसले होते तिथे ‘सावली’ हा शब्द पिवळा की केशरी, यावर खरोखरच तावातावाने चर्चा झाली. सावली लांब का होते यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. ते वाक्य कुठूनतरी आणून चौकटीत टाकायचं होतं, आणि ते मिळणारच याची सगळ्यांना खात्री होती. मिळालंही. कुणी शोधून आणलं, कुणी चॅटबॉटला विचारलं, कुणी पाठ होतं तेच लिहिलं.

तासिका संपली तेव्हा सहाच्या सहा गटांचं काम पूर्ण होतं. पाच स्लाइडसंच, एक यांत्रिक आवाजातली चित्रफीत. हसऱ्या तोंडाचा सूर्य बहुतेकांकडे, शेवटच्या स्लाइडवर ‘धन्यवाद’ सगळ्यांकडे. देखणं काम होतं, यात वाद नाही. चार गटांत एक वाक्य थोड्याफार फरकाने तेच होतं: दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि आपली सावली नाहीशी होते.

हे वाक्य चूक आहे. सूर्य बरोबर डोक्यावर येणं ही गोष्ट फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान घडते, आणि तिथेही वर्षातून दोनच दिवस. त्या दोन वृत्तांवर तर एकच दिवस. बाकीच्या पृथ्वीवर ते कधीच होत नाही. घड्याळातले बारा आणि सावली सर्वांत आखूड होण्याची वेळ यांचाही सहसा मेळ बसत नाही, कारण घड्याळ अख्ख्या प्रदेशासाठी एक असतं आणि सूर्य प्रत्येक गावाला आपापल्या वेळी माथ्याकडे येतो. मुलांना हे माहीत नसण्यात काही गैर नाही. पण बाहेर ऊन पडलेलं असताना, खिडकीतून मैदान दिसत असताना, एकाही गटाला ‘खरंच नाहीशी होते का?’ असं वाटलं नाही, याची मी वहीत नोंद केली. स्लाइड इतकी नीटस होती की तिच्यातलं वाक्य तपासावं असं कुणाच्या मनात येणार नाही. चुकीला इस्त्री केली की ती चूक दिसत नाही.

याच तुकडीतला एक मुलगा मात्र या चित्रात बसत नाही. त्याचं अक्षर वाईट, वहीवर कायम लाल शेरे, वर्गात तोंड उघडणं जवळपास नाही. टॅबलेटवर अक्षराची भीती संपली आणि तो सुटला. स्लाइड बोटाने पुढेमागे सरकवत त्याने गटाला सांगितलं, “आधी प्रश्न टाकू, उत्तर मागून. नाहीतर लहान पोरं बघणारच नाहीत.” सहा गटांत क्रमाचा असा विचार फक्त त्यानेच केला. वहीवर हेच काम असतं तर तो बाक धरून बसला असता. तेव्हा ‘आधी कागद, मग पडदा’ असा नियम करून टाकावा असं वाटू लागलं की मी हा मुलगा आठवते.

ब तुकडी

इथे सगळं वेळखाऊ होतं. मैदानावर एका डब्यात वाळू भरून 30 सेंटिमीटरची फूटपट्टी उभी केली. प्रत्येक तासिकेच्या टोल्याला दोन मुलं धावत जायची, सावलीच्या टोकाशी खडूने फुली मारायची, लांबी आणि वेळ लिहायची. मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी पायाने डबा हलला आणि वाद पेटला: पुन्हा पहिल्यापासून की डबा जागेवर ठेवून पुढे? डब्याखाली आधीच खडूचा गोल होता म्हणून निभावलं. दिवसाच्या शेवटी जमिनीवर फुल्यांची एक रांग उमटली होती आणि ती कुणाच्याच अंदाजाप्रमाणे नव्हती. सकाळच्या दोन फुल्यांत भरपूर अंतर, दुपारच्या फुल्या एकमेकींना चिकटलेल्या. आणि सगळी मिळून पसरलेल्या पंख्यासारखी दिसत होती. सावली नुसती आखूड-लांब होत नव्हती, फिरतही होती.

टॅबलेट त्यानंतर आले. कामं फारच असमान निघाली. एका गटाने खुर्चीच्या सावलीचे फोटो जोडून चित्रफीत केली. कॅमेरा दरवेळी हलला होता, त्यामुळे सावलीबरोबर खुर्चीही नाचत होती. एका गटाने टॉर्च घेऊन नाटुकलं बसवलं. एका गटाचं काहीच पूर्ण झालं नाही, तिघांचं एकमत होईना. पण ज्या गटामुळे हे प्रकरण लिहावंसं वाटलं, त्याने स्क्रॅच उघडलं.

स्क्रॅच म्हणजे ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्राम लिहायची भाषा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने 2007 मध्ये ती खुली केली. तिथे कोरा पडदा मिळतो, 480 गुणिले 360 बिंदूंचा. त्यावर काहीही आपोआप घडत नाही. सूर्य वर चढला की सावलीचं काय होतं, ते तुम्हालाच सांगावं लागतं. या गटातल्या दोघांना ती आधीपासून येत होती, हे इथे सांगायला हवं.

त्यांची पहिली खटपट साधी होती. सूर्य एक पायरी वर, सावली दहा बिंदू कमी. पडद्यावर ते छान दिसत होतं. लांबी लिहिणारी मुलगी मात्र मापांचा कागद घेऊन मध्ये आली. “अगं, ही सारखी सारखी कमी होतेय. आपली तशी झाली नव्हती. सकाळी भसकन कमी झाली, मग नुसती रेंगाळली.”

गणिताने पाहिलं तर तिचं म्हणणं चोख आहे. सूर्य क्षितिजापासून 10 अंश वर असताना 30 सेंटिमीटरच्या पट्टीची सावली सुमारे 170 सेंटिमीटर पडते, 20 अंशांवर ती 82 वर येते. म्हणजे दहा अंशांत 88 सेंटिमीटरची घट. पुढे 50 वरून 60 अंशांवर जाताना मात्र ती 25 वरून 17 होते, घट जेमतेम 8. 45 अंशांवर सावली पट्टीएवढीच. हे त्रिकोणमितीतल्या स्पर्शक गुणोत्तराने, म्हणजे टॅनने, एका ओळीत सुटतं आणि स्क्रॅचमध्ये त्याचा ठोकळाही आहे. आठवीत ते आलेलं नव्हतं. मला सांगायचा मोह झाला. बाईंनी दुरूनच मानेने नको म्हटलं.

मुलांनी जे केलं ते टॅनपेक्षा सरस होतं, असं माझं मत. त्यांनी एक बारीक ठिपका तयार केला, त्याचं नाव ‘किरण’. तो पट्टीच्या टोकावर उभा राहायचा, सूर्याकडे तोंड करायचा, मग 180 अंशांत गर्रकन वळायचा आणि जमिनीचा तपकिरी रंग लागेपर्यंत चालत सुटायचा. जिथे रंग लागला तिथे सावलीचं टोक. सूत्र नाही, कोष्टक नाही. उजेड सरळ रेषेत जातो एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी सावली स्वतःला शोधायला लावली. आता पडद्यावरची सावलीही सकाळी भसाभस कमी होऊ लागली आणि मग रेंगाळू लागली.

मग सूर्य अगदी खाली नेला तर प्रोग्राम अडकला. ठिपका पडद्याच्या कडेला जाऊन चिकटला, जमीन काही लागेना आणि लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा ठोकळा, थांबेना. स्क्रॅच चित्रांना पडद्याबाहेर पूर्ण निसटू देत नाही, त्यामुळे बिचारा किरण कडेवरच धडका देत राहिला. “बिघडलं,” एक जण म्हणाला. दुसरा थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “बिघडलं नाही रे, सावली संपतच नाहीये.” पडदा 480 बिंदूंचा, पट्टी 100 बिंदूंची काढली तर 10 अंशांवरच्या सावलीला 567 बिंदू लागतात. सूर्य क्षितिजाला टेकला की कितीही मोठा पडदा पुरणार नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं. अनंत लांबीची कल्पना त्यांना एका अडकलेल्या ठोकळ्यातून भेटली.

खरी गोची पुढे झाली. त्यांचा सूर्य डावीकडून उगवून पट्टीच्या वरून उजवीकडे जात होता, त्यामुळे मधोमध सावली शून्य व्हायची. म्हणजे अ तुकडीच्या स्लाइडवर होतं तेच चुकीचं वाक्य, आता चलचित्रात. यंत्राने दोन्ही तुकड्यांना एकच चूक हातात दिली होती. इथे मात्र मैदानावरचा पंखा होता, आणि त्यातली एकही फुली डब्याच्या बुडाशी नव्हती. सूर्य पट्टीच्या वरून न जाता एका अंगाने जात असणार, म्हणूनच सावली शून्य न होता बाजूला वळते, इथवर ते आले. सपाट पडद्यावर ते दाखवणं काही त्यांना जमलं नाही. शेवटी त्यांनी जिन्यावरून खडूच्या पंख्याचा फोटो काढला, प्रोग्रामनंतर तो लावला आणि खाली लिहिलं: ‘आमचा प्रोग्राम दुपारी खोटं बोलतो. खरं हे आहे.’

फरक कशाने पडला

उत्तर ‘स्क्रॅच चांगलं, टेम्प्लेट वाईट’ असं दिलं तर सोपं होईल, पण ते पुरेसं नाही. स्क्रॅचनेही चूकच काढून दिली होती. तिच्याशी भांडायला मुलांकडे स्वतःचं काहीतरी होतं: धुळीने माखलेला मापांचा कागद. अ तुकडीकडे पडद्यावर जे होतं त्याखेरीज काहीच नव्हतं.

आधी नमुना दिसला की डोकं त्याच्याभोवती फिरतं, हे अभ्यासांतूनही पुढे आलेलं आहे. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी 1991 मध्ये अभियांत्रिकीच्या लोकांना काही वस्तूंचे आराखडे करायला दिले. त्यातली एक होती न सांडणारा कॉफीचा कप. काहींना आधी एक नमुना दाखवला, त्यात स्ट्रॉ होती, आणि आराखड्यात स्ट्रॉ नको असं बजावलंही. तरी नमुना पाहिलेल्यांच्या चित्रांत ती वारंवार येत राहिली. सांगूनसवरून टाळता न येणारी गोष्ट आठवीतल्या मुलांनी न सांगता टाळावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे. टेम्प्लेट म्हणजे देखणा नमुना, तोही बजावल्याशिवाय दिलेला.

चॅटबॉटचं दुखणं थोडं वेगळं. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउजर यांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात छोट्या गोष्टी लिहिणाऱ्या काही जणांना कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कल्पना घेण्याची मुभा होती. त्यांच्या गोष्टी वाचकांना जास्त सरस वाटल्या, आणि मूळचे कमी सर्जनशील असलेल्यांना तर जास्तच फायदा झाला. पण त्या गोष्टी एकमेकींसारख्या होऊ लागल्या. वर्गासाठी हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचायला हवेत. वाईट अक्षराचा तो मुलगा आणि बहुतेक गटांचे तेच ते हसरे सूर्य हे एकाच साधनाचे परिणाम आहेत. शिक्षक एका वेळी एकच वही तपासतो, त्यामुळे प्रत्येक काम सुटं छान वाटतं. सारखेपणा सगळी कामं शेजारी मांडल्यावरच कळतो. अ तुकडीचे सहा संच मी एका ओळीत उघडून ठेवले नसते तर मलाही तो दिसला नसता.

एमआयटीतले गणितज्ञ आणि शिक्षणविचारक सीमोर पेपर्ट मुलांच्या हाती संगणक देण्याविषयी बोलायचे तेव्हा त्यांचा भर चूक शोधून दुरुस्त करण्यावर असायचा. 1967 मधली लोगो ही भाषा त्यांनी सहकाऱ्यांबरोबर घडवली ती याच धारणेतून, आणि स्क्रॅच त्याच घराण्यातलं. प्रशिक्षणात आम्ही त्यांचं नाव परीक्षेपुरतं पाठ करतो. किरणाचा तो अडकलेला लूप पाहिल्यावर मला त्यांचं म्हणणं पहिल्यांदा पटलं.

बाईंचं म्हणणं

मार्गदर्शक बाईंना हे सगळं मान्य होतं असं नाही, आणि त्यांची बाजू पोकळ नव्हती. अ तुकडीचा घटक दोन तासिकांत आटोपला, ब तुकडीने त्याच्या दुपटीहून जास्त वेळ खाल्ला. “तू एक घटक बघतेस, मला वर्षभराचे संपवायचे आहेत,” त्या म्हणाल्या. शिवाय ब तुकडीतला एक गट रिकाम्या हाताने उठला होता, आणि त्या मुलांना मोकळीक मिळाली म्हणून काही साधलं असं म्हणता येत नव्हतं. स्क्रॅचवाल्या गटात आधीपासून येणारी दोन मुलं होती, हेही त्यांनीच मला दाखवून दिलं. यावरून सगळ्या वर्गाबद्दल बोलू नये.

गुणांचा प्रश्न आणखी अवघड. आमच्या गुणदान तक्त्यात चार रकाने होते: आशय, सादरीकरण, नीटनेटकेपणा, वेळेत पूर्ण. त्याप्रमाणे तपासलं तर अ तुकडीचे गट वर गेले. नाचणारी खुर्ची आणि ‘आमचा प्रोग्राम खोटं बोलतो’ ही पाटी, दोन्ही खाली. तक्ता लावणाऱ्याने तो प्रामाणिकपणे लावला होता. सर्जनशीलता मोजायला त्यात जागाच नव्हती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉरन्स यांच्या सर्जनशीलतेच्या 1966 सालच्या चाचण्यांपासून किती कल्पना, किती तऱ्हेच्या, किती अनोख्या आणि किती तपशिलात फुलवलेल्या, हे निकष शिक्षणशास्त्राला माहीत आहेत. ते आमच्या पाठ टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याच्या, उद्दिष्टांत येतात, तक्त्यात येत नाहीत. उद्दिष्टात सर्जनशीलता लिहायची आणि गुण नीटनेटकेपणाला द्यायचे, हा प्रकार इतका अंगवळणी पडलाय की त्यात काही विसंगत आहे असं कुणाला वाटत नाही.

पुढे काय केलं

चुकीचं वाक्य घेऊन अ तुकडीला पुढच्या घटकाकडे जाऊ देणं बाईंनाही पटेना. मैदानावर पुन्हा दिवसभर मोजायला वेळ नव्हता. म्हणून ब तुकडीची मापं आणि पंख्याचा फोटो अ तुकडीला दिला, एका तासिकेसाठी, आणि एवढंच सांगितलं: तुमच्या स्लाइड याच्याशी जुळतात का पाहा. चूक कुठे आहे ते सांगितलं नाही.

चारपैकी तीन गटांना ती सापडली. चौथ्याने मापंच चुकली असतील असं ठरवलं आणि ‘आम्ही स्वतः मोजू’ म्हणून खडू मागितला. मला हा प्रतिसाद तिन्हींपेक्षा आवडला. वाईट अक्षराच्या मुलाच्या गटाने त्याच टेम्प्लेटमधला हसरा सूर्य काढून मधोमध फोटो टाकला, त्यावर फुल्या जोडणारी वक्ररेषा काढली आणि पहिल्या स्लाइडवर प्रश्न बदलला: ‘सावली कधीतरी शून्य होते का?’ ॲप तीच, चौकटी त्याच. यावेळी मात्र काय टाकायचं आणि काय उडवायचं हे चौकटी ठरवत नव्हत्या.

गुण बदलले नाहीत. ते आधीच नोंदवले गेले होते. माझ्या पुढच्या पाठ टाचणासाठी मी बाईंपुढे दोन गोष्टी ठेवल्या. टॅबलेट वाटण्याआधी प्रत्येक गटाकडे स्वतः मोजलेलं, काढलेलं किंवा विचारून आणलेलं असं काहीतरी हवं, मग ते अर्ध्या पानाचं का असेना. आणि ज्याला लिहिता येत नाही त्याने ते टॅबलेटवर बोलून नोंदवलं तरी चालेल. दुसरं, तक्त्यात एक रकाना वाढवायचा: मध्येच काय बदललं आणि का. पहिली बाईंनी लगेच मान्य केली. रकान्यावर त्या म्हणाल्या, नीटनेटकेपणाचे पाच गुण तसेच राहू देत, तुझे पाच आशयातून काप. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.